पहिली तीस, शेवटची दहा

२ नोव्हेंबर

प्रकाशकांनी आज बोलावून घेतलं. हस्तलिखितांवरचे माझे गेल्या वर्षातले अभिप्राय टेबलावर पसरून बसले होते. मला वाटलं, काहीतरी कौतुक आहे.

"बाई, काल मी एक उद्योग केला," ते म्हणाले. "तुमच्या शेवटच्या दहा अभिप्रायांत 'अपेक्षित' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं. सांगा बघू किती?"

"पाच-सहा?"

"चौदा. एका अभिप्रायात तर एकाच वाक्यात तीनदा. हे तुम्ही हाताने लिहिता, की शिक्का करून घेतलाय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

मग मुद्द्यावर आले. त्यांना बारा पुस्तकांची एक मालिका काढायची आहे. ज्यांनी आयुष्यभर वाचलंय आणि ज्यांना आता काहीच लागत नाही, अशा मुरलेल्या वाचकांसाठी. "रक्ताचे पाट नकोत, भुतं नकोत. पण माणूस दचकला पाहिजे." पहिलं पुस्तक कपाटातल्या हस्तलिखितांतून या महिनाअखेरपर्यंत निवडायचं. ते मला सापडलं, तर मालिकेची संपादक मी, प्रत्येक पुस्तकावर माझं नाव. नाही सापडलं तर... इथे ते पेपरवेटशी खेळायला लागले. "वीस वर्षं झाली तुम्हाला. कधीकधी डोळे बदलून बघावं लागतं."

म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीतरी.

घरी येऊन आठवायला बसले, मी शेवटची कधी दचकले होते. अकरा वर्षांपूर्वी. पुस्तक कोणतं ते आठवत नाही. खुर्ची आठवते. ती मोडली, तेव्हा टाकून दिली.

४ नोव्हेंबर

ताई आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, सहा आठवडे आमच्याकडे राहणार. मागची खोली त्यांना दिली, जिथे सासरे होते. सासऱ्यांचे शेवटचे आठ महिने मी त्या खोलीत काढले होते. ताईंना तेव्हा रजा मिळाली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी परिचारिका म्हणून काढली, शेवटची नऊ मुख्य परिचारिका. याच वर्षी निवृत्त झाल्या.

दारातूनच वॉकर टेकत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुझ्या घरात पुस्तकं आहेत, की पुस्तकांत घर?"

मी कधी मास्तरीण नव्हते. लग्नाच्या पत्रिकेतली एक चूक मी दाखवली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलंय. नवरा हसला. सतरा वर्षं तो याच विनोदाला हसतो आहे.

७ नोव्हेंबर

पाच हस्तलिखितं संपवली. 'संपवली' लिहिलं, पण ते खरं नाही. नीट लिहिते, इथे तरी.

माझी एक पद्धत आहे. पहिली तीस पानं वाचायची, मग शेवटची दहा. दोन्हींचा सांधा मनात जुळला की पुस्तक कळलं. मधे दोन-तीन ठिकाणी बोट घालून बघायचं, आपण बरोबर आहोत ना एवढ्यासाठी. आणि मी बरोबर असतेच. अभिप्रायाच्या कागदावर 'वाचलेली पाने' असा रकाना असतो, त्यात मी 'सर्व' लिहिते. ही पद्धत मी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

दुपारी ताई म्हणाल्या, "टीव्ही बघून डोकं उठलं. काहीतरी वाचायला दे गं. हलकंफुलकं नको, त्याने झोप येते." परत पाठवायच्या गठ्ठ्यातलं एक दिलं. टपालात टाकायचंच होतं.

चारच्या सुमाराला मागून मोठ्याने आवाज आला, "अगं बाई गं!"

मी हातातलं टाकून धावले. वाटलं, पडल्या. तर त्या छातीवर हात ठेवून बसलेल्या.

"काय झालं ताई?"

"हिनं पत्र फाडलं!"

"कुणी?"

"ह्या बाईनं. न वाचता! आठ वर्षं वाट बघितलेलं पत्र!"

"मला वाटलं तुम्ही पडलात."

"पडले असते तर ओरडले नसते. बेल वाजवली असती."

मी माझा जुना अभिप्राय काढून बघितला. 'नायिका पत्र फाडते, हे अपेक्षितच.'

११ नोव्हेंबर

चार दिवसांत तीन. परतीच्या गठ्ठ्यातली. मी नाकारलेलं प्रत्येक हस्तलिखित ताईंना कुठे ना कुठे हादरवतंय. आता मला त्यांचे आवाज ओळखू येतात. नुसतं 'चक्' म्हणजे माणूस खोटं बोलला. 'अरे देवा' म्हणजे कुणीतरी क्षमा केली. 'अगं बाई गं' फार थोड्या वेळा येतं, आणि ते आलं की मी टाचणी टोचल्यासारखी उठते.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, घरी येतो तेव्हा हाताला ग्रीसचा वास असतो. पूर्वी आधी हात धुवायचा. आता बूट काढता काढताच सरळ मागच्या खोलीत जातो. "ताई, आज काय झालं?" आणि त्या सांगतात. सगळं, रंगवून. तो मधेच विचारतो, "मग तो परत आला की नाही?" आणि त्या म्हणतात, "थांब रे बारक्या, मधे तोंड घालू नकोस."

मला त्याने सतरा वर्षांत कधी 'आज काय झालं' असं विचारलं नाही. 'संपलं का?' एवढंच विचारतो.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हणजे, दाराआड उभी होते.

१४ नोव्हेंबर

मी आंघोळीला गेले असताना प्रकाशकांचा फोन आला. ताईंनी उचलला. मी केस पुसत बाहेर आले तरी चालूच. वीस मिनिटं. मी समोर उभी राहिले, तर हाताने 'थांब' अशी खूण केली.

नंतर प्रकाशक मला म्हणाले, "तुमच्या नणंदबाई भारीच आहेत हो! त्या पत्र फाडणाऱ्या बाईबद्दल सांगत होत्या. ते हस्तलिखित आपण परत का पाठवतोय?"

मी म्हटलं, बघते परत एकदा.

"आणि त्यांना विचारा, त्या करड्या फायलीतल्या कादंबरीबद्दल काय वाटतं."

माझ्या पोटात दुखतंय, असं कुणी म्हणेल. तसं नाही. ही केवळ व्यावसायिक काळजी आहे. बाहेरच्या व्यक्तीने अप्रकाशित मजकूर वाचणं योग्य नाही.

हे वरचं वाक्य खोडायला हवं. राहू दे.

१६ नोव्हेंबर

आज स्वतःवर प्रयोग केले. ताई व्यायामासाठी अंगणात गेल्या असताना त्यांच्या पलंगावर, त्यांच्याच उशीला टेकून वाचलं. काही नाही. मोठ्याने वाचलं. काही नाही. मग आरशासमोर उभी राहून 'अगं बाई गं' म्हणून बघितलं. आरशातली बाई दात दुखत असल्यासारखी दिसली.

मला एकच गोष्ट समजत नाही. माझ्या हातात पुस्तकांखेरीज काही आलं नाही. यांच्या हातांत माणसं गेली, माणसं जन्मली. दचकायचं संपलं असायला हवं ते यांचं. मी विचारलंच आज.

"ताई, एवढं सगळं बघून तुम्हाला पुस्तकाचा धक्का कसा बसतो?"

"तिथे दचकायला सवड कुठे होती? हातात सुई असायची." त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. "आता हात रिकामे आहेत. मागचं सगळं व्याजासकट दचकून घेते."

मग म्हणाल्या, "तुला नाही का बसत?"

"मला अंदाज येतो."

"अगोबाई. मग मजा काय येते?"

मी म्हटलं, हे माझं काम आहे, मजा नाही. हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

१८ नोव्हेंबर

आज जे केलं ते जसंच्या तसं लिहिते.

हिरव्या फायलीतली कादंबरी. कुण्या नवख्याची. एक बाई, नवरा परगावी कामाला, आणि घरात अंथरुणाला खिळलेला थोरला दीर, ज्याचे दोन्ही हात गेलेत. तीस पानं आणि दहा पानं मी वाचली होती. शेवटी ती त्याची औषधं देणं थांबवते आणि तो मरतो. बाराव्या पानालाच कळलं होतं मला.

ताई चाळिसाव्या पानावर होत्या. सकाळपासून दोनदा 'चक्' आणि एकदा 'अरे देवा' झालं होतं. मी चहा घेऊन गेले. कप ठेवता ठेवता म्हणाले, "शेवटी ती त्याची औषधं बंद करते, नाही का? तो जातो."

जणू त्यांचं वाचून झालंय असं समजून बोलले.

ताईंनी वर बघितलं. मग "अस्सं," म्हणाल्या, चहाचा घोट घेतला आणि पान उलटलं.

तोंडातून निघून गेलं, असं मी आत्तापर्यंत तीनदा मनाशी म्हटलं. निघून गेलेलं नाही. चहा ओततानाच ठरलं होतं. दूध घालताना एकदा वाटलंही होतं, नको. तरी घेऊन गेले.

१९ नोव्हेंबर

दुपारभर मागच्या खोलीतून एक आवाज नाही. चक् नाही, काही नाही.

मला बरं वाटलं. किती बरं वाटलं तेही लिहायला हवं. मी भांडी लावताना गुणगुणत होते.

पाचला कप आणायला गेले. ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, फाइल मांडीवर उपडी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला आधी वाटलं, मी शेवट सांगितला म्हणून. असं कुणी रडतं का? पण मला तेच वाटलं.

"ताई, चुकलंच माझं. शेवट सांगायला नको होता."

"शेवटाचं काय घेऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वॉर्डात शेवट सगळ्यांना माहीत असायचा. कागदावर लिहून पलंगाला टांगलेला असायचा. शेवटानं नाही गं काही होत." त्यांनी फाइलवर हात ठेवला. "त्रेसष्टाव्या पानावर ती त्याच्यासाठी सूप करते. दोघंही सकाळपासून उपाशी. आणि त्याच्यासमोर बसून ती ते स्वतःच पिते. चमच्या-चमच्याने. तो बघतोय. तळाशी थोडंसं उरतं तेव्हा म्हणते, गरम आहे का बघत होते."

मला ते पान माहीत नव्हतं, हे त्यांना कळू नये म्हणून मान हलवली.

"मी हे केलंय," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या होत्या, शिकाऊ. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या. एका माणसाचे दोन्ही हात भाजलेले, त्याला भरवायचं काम यांच्याकडे. ताटलीत रोज एक उकडलेलं अंडं यायचं. यांनी पडद्यामागे जाऊन ते खाल्लं आणि येऊन म्हणाल्या, आज अंडं आलंच नाही. तो काही बोलला नाही, नुसता यांच्या ओठांकडे बघत राहिला. नंतर आरशात बघितलं तर ओठाला पिवळं लागलेलं.

"एकदाच?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तीन दिवस. चौथ्या दिवशी तो गेला. जाणारच होता. पण ती तीन अंडी त्याची होती."

खोलीत उजेड कमी झाला होता. मी दिवा लावायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुणाला बोलू नकोस. बारक्याला तर नाहीच. त्याच्या डोळ्यांत मी म्हणजे कोण आहे, तुला माहीत आहे."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

२१ नोव्हेंबर

हिरव्या फायलीचा अभिप्राय लिहायला बसले. पहिलं वाक्य नेहमीसारखं उतरलं, 'कादंबरीचा शेवट अपेक्षित'. खोडलं. अर्धा तास कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. नऊ दिवस उरलेत.

मग लिहायला लागले आणि थांबलेच नाही. त्रेसष्टावं पान. उपाशी बाई, उपाशी माणूस, सूप. 'भुकेला माणूस ते बघतो आणि गप्प राहतो. हे गप्प राहणं मुरलेल्या वाचकालाही खुर्चीवरून उठवील.' आणि पुढे, 'हे मी खात्रीने म्हणू शकते, कारण एकदा मीही आजारी माणसाच्या ताटलीतलं अंडं खाल्लं आहे, आणि आज ते आलंच नाही असं त्याला सांगितलं आहे.'

वॉर्ड काढून टाकला. वॉर्ड म्हटलं की ताई कळल्या असत्या, आणि मी त्यांना शब्द दिलाय. त्याऐवजी 'घरातलं एक वडीलधारं माणूस' असं केलं. ताईंच्या गुपिताला धक्का लागला नाही. उलट ते आता अगदी सुरक्षित आहे, माझ्या नावावर.

वाचलेली गोष्ट वाचणाऱ्याची होते, असं आपण म्हणतो. ऐकलेलीही होत असेल.

पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, त्रेसष्टावं पान मी अजून उघडलेलं नाही. पण ताईंनी इतकं तपशिलात सांगितलं होतं.

२३ नोव्हेंबर

प्रकाशकांचा फोन. "बाई, वीस वर्षांत तुमचा असा कागद आला नव्हता. मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. मालिका तुमची."

नवऱ्याने मला उचलूनच घेतलं, ग्रीसच्या हातांनी. साडी गेली, पण जाऊ दे.

ताई मागच्या खोलीतून ओरडल्या, "कोणतं पुस्तक निवडलंस?"

"हिरवं."

"म्हणजे मी रडले ते बरोबर होतं तर!" लहान मुलीसारख्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "काय लिहिलंस गं?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

आज मला त्यांचा अजिबात हेवा वाटला नाही. हे नोंदवून ठेवते.

२६ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

प्रकाशक संध्याकाळी फुलं घेऊन आले. ताईंना भेटायचं होतं. नवरा घरी होता. सगळे बाहेरच्या खोलीत बसलो, ताई पाय स्टुलावर ठेवून. हसणं-खिदळणं चालू होतं. प्रकाशक म्हणाले, "तुमच्या वहिनींनी काय लिहिलंय ते ऐकलंत का?" आणि खिशातून कागद काढला.

मी म्हटलं, "अहो, राहू द्या. घरच्यांसमोर कशाला?"

"लाजू नका हो," ते म्हणाले. आणि वाचायला लागले. चांगलं वाचतात ते.

'एकदा मीही' आलं तेव्हा मी ताईंकडे बघितलं नाही. फुलांकडे बघितलं. 'घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या' आलं. अंडं आलं. वाचून झाल्यावर प्रकाशकांनी चष्मा काढून पुसला.

नवरा म्हणाला, "वडीलधारं माणूस म्हणजे?"

प्रकाशकांनी चष्मा परत चढवला.

"आपल्या घरात आजारी वडीलधारं माणूस एकच होतं," तो म्हणाला. अगदी हळू. "बाबा?"

माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. खरंच नव्हतं. पाच दिवसांत एकदाही. आठ महिने मी त्या माणसाला माझ्या हाताने भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. आणि ते मीच एका वाक्यात पुसून टाकलं होतं. मी तोंड उघडलं. सांगायचं म्हटलं तर ताईंचं सांगावं लागत होतं, आणि नाही सांगितलं तर... शब्द फुटला नाही. मी शब्दाला जागत होते की भीत होते, हे मला आत्ताही नक्की सांगता येत नाही. भीत होते.

"बाबा कसले," ताई म्हणाल्या. "बाबांना अंडं चालायचं तरी का? पथ्यावर नव्हते ते?"

नवरा त्यांच्याकडे वळला.

"ते मी केलंय. वॉर्डात. एकोणीस वर्षांची होते." त्यांनी स्टुलावरचा पाय हातांनी उचलून खाली ठेवला. "मीच तिला म्हटलं, लिही, पण माझं नाव नको. म्हणून तिनं स्वतःवर घेतलं."

"तू?" नवरा म्हणाला.

"मी. तीन दिवस."

प्रकाशकांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मग तर ही मालिका तुम्ही दोघींनी मिळून..." असं काहीतरी म्हणायला लागले.

"नको हो," ताई म्हणाल्या. "मला कामासाठी नाही वाचायचं."

२७ नोव्हेंबर

ताई आज आपल्या घरी गेल्या. जवळजवळ तीन आठवडे बाकी होते. मी बॅग भरायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, येतं मला."

नवरा त्यांना सोडायला गेला. सकाळपासून त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत होता. चहा हवा का, उशी हवी का. 'आज काय झालं' नाही. एकदा त्यांनी 'बारक्या' अशी हाक मारली, तर 'बोल ना' म्हणाला आणि दुसरीकडे बघत राहिला.

निघताना मी त्यांच्यासाठी दार धरलं. म्हटलं, "ताई, मी..."

"तू ते पान वाचलंच नाहीस," त्या म्हणाल्या. रागाने नाही. ताप किती आहे ते सांगावं तसं. "तू लिहिलंयस, तो माणूस गप्प राहतो. गप्प राहिला तो माझा. पुस्तकातला नाही राहत."

वॉकर उंबऱ्यावरून आधी उचलला, मग स्वतः गेल्या.

२८ नोव्हेंबर

रविवार. जेवण झाल्यावर नवऱ्याला सांगितलं. सगळं. चहाचं सुद्धा.

तो बराच वेळ टेबलावरचे खरकटे कण बोटाने गोळा करत होता. "म्हणजे तिनं तुला लिहायला सांगितलं नव्हतं?"

"कुणाला बोलू नकोस, असं सांगितलं होतं. तुझं तर नाव घेऊन."

"आणि तू तिथे बसलेली होतीस. ती बोलत असताना."

"हो."

"मी तिच्याशी दोन दिवस..." तो उठला. बूट घातले. दारात थांबून म्हणाला, "ते तिनं उगाच सांगितलं गं मला. तुझ्यासाठी सांगितलं."

"माहीत आहे."

"तुला काय काय माहीत असतं," तो म्हणाला आणि बहिणीकडे गेला. अंधार पडेपर्यंत तिथेच होता. आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही, पण रागावलेलाही दिसला नाही. कुठेतरी मधे अडकल्यासारखा दिसला. मी जेवायला वाढलं. जेवला.

३० नोव्हेंबर

सकाळी प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, तो अभिप्राय माझा नाही. माझ्या नणंदेने सांगितलेलं मी न विचारता लिहिलं, आणि पुस्तकही मी पूर्ण वाचलं नाही. वीस वर्षांत कितीतरी पुस्तकं अशीच वाचली, तेही सांगितलं.

पलीकडे पेपरवेट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"त्या कागदात तुमचं काय आहे मग?" त्यांनी विचारलं.

मी माझी प्रत समोर धरली होती. वरपासून खालपर्यंत बघितली. "शेवटचा शब्द. 'स्वीकारावे'."

"तो तरी कशाच्या जोरावर लिहिलात?"

मी कागद पालथा घातला.

"आज तीस तारीख," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मी इथे आहे. मालिकेचं मला आत्ता काही सांगता येत नाही. पण ते हस्तलिखित कुणीतरी वाचायला हवं, आणि मीही अजून वाचलेलं नाही, हे आपल्या दोघांत राहू द्या."

फाइल मागच्या खोलीतच होती, पलंगाजवळ. ताईंनी ती पुन्हा नीट बांधून ठेवली होती. मी तिथेच बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिसाव्या पानानंतर माझे हात आपोआप मागच्या पानांकडे जायला लागले. ते मी दोनदा मांडीखाली घेतले. एकतिसाव्या पानावर दिराचा आवाज पहिल्यांदा येतो, हे मला माहीतच नव्हतं. तो विनोदी आहे. वहिनीला तो 'सरकार' म्हणतो. बेचाळिसाव्या पानावर मी मोठ्याने हसले आणि रिकाम्या खोलीत माझंच हसू ऐकून मला कसंतरीच झालं.

दुपारी एकच्या सुमाराला त्रेसष्टावं पान आलं.

ती सूप पिते. तो बघतो. हे सगळं ताईंनी सांगितलं तसंच आहे. वाटीच्या तळाशी दोन घोट उरतात. 'गरम आहे का बघत होते,' ती म्हणते. आणि त्याच्या पुढच्या ओळीत तो म्हणतो, 'गरमच होतं, सरकार. तुमचं तोंड नाही ना भाजलं?'

मी ती ओळ वाचली. मग उठून उभी राहिले. का उठले ते कळलं नाही. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा वाचली. बसता येईना. बाहेरच्या खोलीतलं ते स्टूल मला उघड्या दारातून दिसत होतं. हातात फाइल तशीच धरून मी फोनपाशी गेले आणि ताईंचा नंबर फिरवला.

त्यांनी उचलला. नुसता माझा श्वास ऐकू जात असणार. त्यांनीही 'कोण आहे' असं विचारलं नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पोचलीस का तिथे?"